वाळूची पट्टी

तुर्गेइर मोक्सनेस हात लावून बघत नाही.
म्हणतो, तळवा खोटं बोलतो, चाळीस वर्षांत निबर झालाय.
तो वाकतो आणि गाल टेकवतो
मेणाच्या जहाजाला,
नाळेपासून थेट सुकाणूपर्यंत, डोळे मिटून.
खुपलं की थांबतो. तासणी. पुन्हा गाल.
असे सोळा दिवस.

बाहेर त्रॉनहाइम दुपारी तीनलाच काळोखात जातं.
आत पाव किलोमीटर पाणी, सरळ, झाकलेलं.
खिडक्यांना रंग फासलाय,
उन्हाची एक तिरीप पडून एका कडेचं पाणी कोमट होऊ नये म्हणून.

सतराव्या दिवशी मी येते, डिंक आणि बाटली घेऊन,
नाळेच्या जरा मागे बोटभर पट्टी चिकटवते,
चाळलेल्या वाळूची.
तो बघत नाही. कॉफी ओततो. कप भरून वाहतो.

नवी होते तेव्हा समजवायला गेले होते:
लहान जहाजाशी पाणी फार सभ्य वागतं,
पदरावरून पदर निमूट सरकतो.
खऱ्या जहाजापाशी ते लगेच बिथरतं.
म्हणून इथे आपणच बिथरवायचं,
नाहीतर आकडा गोड येतो, आणि खोटा.
“मग माझं तासणं?”
“पट्टीमागचं सगळं लागतंच की,” म्हटलं मी.
ते खरं होतं. तरी माझं मलाच पटलं नाही.

गाडा रुळांवरून सुटतो.
मेणाला टेकलेलं पाणी घसरत नाही,
अजिबात नाही, ते जहाजाबरोबर जातं;
त्याच्या शेजारचं थोडं मागे राहतं, त्याच्या शेजारचं आणखी,
आणि चार बोटांवरच्या पाण्याला
कुणी गेल्याचा पत्ताही नसतो.
त्या एवढ्याशा जाडीत
मोठ्या जहाजांचं निम्म्याहून जास्त तेल जळतं.

मग वीस मिनिटं थांबायचं. पाणी विसरेपर्यंत.
एकदा त्या वीस मिनिटांत तो म्हणाला,
“भावाशी एकोणीस वर्षं बोललो नाहीये.”
“कुठे असतो?”
“खालच्या मजल्यावर.”
गाडा परत निघाला.

शुक्रवारी जहाज कढईत जातं.
आधी नाळ मऊ पडते, मग सगळंच.
तुर्गेइर मेण कापडातून गाळतो, पुढच्या जहाजासाठी,
आणि कापडावर उरलेली वाळू
गरम पाण्यात धुऊन, वाळवून,
माझ्या बाटलीत परत टाकतो.
झाकण तोच लावतो. घट्ट.