ढील

हरिपुरात हळदीचं पेव उघडायचं
तर शिळेभोवतीची माती खरवडून
शिळा सरकवायची आणि लांब जाऊन बसायचं.
चार तास. कधी सहा.
आतली हवा ही हवा नसते, आबा म्हणायचा.
मग दोरावरून कंदील सोडायचा.
विझला, तर अजून एक बिडी.
जळत राहिला, तर आबा.

पंचवीस फूट खाली, कमरेला दोर.
वर ओढायला दोघं गडी,
पण हिसके मोजायला मी, शाळा बुडवून.
नियम दोनच:
एक हिसका – ढील.
दोन – ओढ.
का, कशाला, विचारायचं नाही मालन,
खालच्याला खालचं कळतं.

पुरात पेवं गेली.
आबाची छाती राहिली, आत काय साठलं होतं कुणास ठाऊक.
उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जाताना
दोनदा बसायचा, भिंतीला हात लावून,
जणू भिंतच दमलीय.

समोरच्या चौगुल्यांच्या आक्काताईंनी व्रत घेतलं
तेव्हा नारळ घेऊन गेला होता.
अन्न सुटलेलं, मग पाणी सुटलं,
दारात चपलांचा ढीग, रात्रभर णमोकार.
परत आला आणि चहा बशीत तसाच ठेवून म्हणाला,
त्यांच्यात जायला वाट आहे गं.
आपल्यात नुसतं नेतात.

दिवाळीनंतर एकटाच रिक्षा करून
आरवाडे वकिलांकडे गेला.
घशात नळी नको. मशीन नको.
दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का,
खाली त्याची सही, वळणं घेत घेत केलेली,
आणि निर्णय कुणी सांगायचा, तिथं माझं नाव.
मला न विचारता.
कागद रेशनकार्डाखाली ठेवला.
मी म्हटलं, काहीतरीच तुमचं.

काहीतरीच नव्हतं ते,
आणि मला कागद पाठ होता,
तरी माघात रात्री अडीचला त्याचे ओठ निळे झाले
तेव्हा एकशे आठ लावला मीच.
मिरजेला नेलं. नळी घातली.
मनगटं पट्टीनं कॉटला बांधली,
उपटून काढेल म्हणून.

मगदूम डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे.
कागद वाचून म्हणाले, कागद बरोबर आहे.
दोन समित्या बसतील. तुम्ही विचार करा.
सर्जेराव चाकणहून आला, बूट न काढता आत गेला.
बाहेर येऊन म्हणाला,
पैशाचं मी बघतो. तू आबाला मारायला निघालीस?
मी म्हटलं, दोर कापणं वेगळं,
ढील देणं वेगळं.
तो म्हणाला, पडणाऱ्याला काय फरक?

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.
आता आहे असंही नाही.

चौथ्या दिवशी पट्टी सोडून
मी त्याचा हात हातात घेतला.
त्यानं हिसका दिला.
एक.
मग मशीननं छाती उचलली, खाली ठेवली,
आणि बोटं पुन्हा हलली, की मशीननंच हलवली?
सिस्टर म्हणाली, असं होतं, मनावर घेऊ नका.
मी मोजत बसले.
एक असेल तर ढील.
दोन असतील तर ओढ.
पण ओढ म्हणजे कुठं, आबा?
वर कुठलं?
हे निळे पडदे, हा बीप बीप, हेच पेव असेल
तर दोन्ही हिसक्यांचा अर्थ एकच होत नाही का?
की मला तो एकच हवा होता?
चार दिवस बाकावर झोपून
माझीही पाठ मोडली होती. तेही लिहून ठेवते.

समित्या बसल्या. मी सही केली.
सर्जेराव जिन्यात बसून राहिला.
नळी काढली तेव्हा आबा खोकला,
त्याचा स्वतःचा, जुना खोकला,
मला तो घरात आल्यासारखा वाटला.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता.
कंदील आम्ही कुणी सोडला नव्हता.

तेराव्याला पंगत उठल्यावर
सर्जेराव पान पुढ्यात घेऊन तसाच बसलेला.
हळूच म्हणाला, मालनताई,
किती होते गं हिसके?

एक, मी म्हटलं.

तो जेवला.