फेरफार

पत्र लंडनचं. तहसीलातून घरंगळत
माझ्या टेबलावर येऊन थांबलं;
तलाठ्याच्या खाली कुणी नसतं,
कोतवाल तायडे सोडला तर.

विदरकोमची बॅरनकी. कुण्या राजाला लढाईपायी
खारवलेले मासे उधार दिले एका व्यापाऱ्याने.
पैसे फिटेनात, तेव्हा किताब दिला:
त्याला, आणि त्याच्या पोटच्या पुरुष वारसांना, निरंतर.
तिसऱ्या बॅरनचा थोरला, एडमंड,
एलिचपूरच्या छावणीत आला,
घोड्यावरून सापनकाठी हिंडला, तापाने गेला.
बाप वारला पासष्टात.
हा बासष्टात गेला असेल, तर नुसताच पोरगा.
सदुसष्टात, तर दोन वर्षं चौथा बॅरन,
मच्छरदाणीत.
पलटणीचं दप्तर जळालं. उरला धामणखेड्याचा दगड.
हल्लीचे साहेब नववे की दहावे,
तेवढं पाहून कळवावं.

तायडेला वाचून दाखवलं.
"म्हंजे फेरफार अडकला हाय तिकडं."
हो, दीडशे वर्षं झाली.
"मंग आपलं बरं."

बाभळीखाली आडवा दगड, निम्मा मातीत.
नाव लागतं. एक, आठ, सहा लागतात.
पुढे बोटभर खळगी, ताटलीसारखी गुळगुळीत,
आणि तिथेच पार्बता गवई विळा घासत होती,
गडूतलं पाणी शिंपडून, उकिडवी.

इथंच का हो?
"सासूनं दाखवलं. तिले तिच्या सासूनं.
बाकीचा दगड घसरते.
इथं वाकडी खाच होती म्हनत, थे पातं धरे."
कशी वाकडी? बदकाच्या मानेसारखी,
का वरून मोडलेल्या काठीसारखी?
तिने विळा उन्हात धरला.
"इळ्यावानी."

मग तिनेच विचारलं, साहेबाच्या घरचं
लेकीसुनांले काही भेटते का.
मी कागद पुन्हा पाहिला. पुरुष वारस.
ती काही बोलली नाही,
पात्याची धार नखावर पाहून
उठली, तुरीत गेली.

पंचनामा केला. तायडेची सही घेतली.
शेवटचा आकडा घासून गेला आहे.
दगड वापरात आहे.
वहिवाट सासूकडून सुनेकडे.

वहिवाटीला इंग्रजीत काय लिहावं
संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.
तसंच ठेवलं, मराठीत,
आणि वर पाठवून दिलं.