दुतोंड्या

कोडमध्ये पातळी म्हणजे साधा पूर्णांक.
बदलला तरी तो बोलत नाही,
शेजारी कुणाला तरी बसवावं लागतं
जुनं किती, नवं किती, एवढंच सांगायला.

रात्री दीडला, कॉलेज रोडच्या खोलीत,
मी पाचाच्या जागी पाचच लिहिले.
पहारेकरी तरीही ओरडला: बदललं!

भांडीबाजारातले शाळिग्राम तांबट असे फसत नाहीत.
मारुतीच्या कमरेला पाणी, की खालची फळी रिकामी.
छातीला, की वरची.
मधल्या वितीभर ते चहा पितात.

सकाळी त्यांना ॲप दाखवलं.
चष्मा कपाळावर सारून आकडा वाचला,
दुकान माझ्यावर सोडून
घाटापर्यंत जाऊन आले, चपला ओल्या.

"बरोबर आहे," म्हणाले.
"मी निघालो तेव्हाचं."