सातवा डेक

कायतान फुर्ताद माझ्या टेबलासमोर येऊन बसतो,
रुमालानं खुर्चीवरची कोळशाची पूड झटकून.
मुरगाव बंदरात सगळ्यांनाच ही सवय असते.
विचारतो, बाय, तू कस्टमचे कागद भरतेस,
तर सांग, कित्याक?
त्या गाडीनं अमेरिकेचं काय घोडं मारलं होतं?

एकवीस वर्षं तो गाड्यांच्या बोटीवर होता.
तेरा मजली, बिनखिडक्यांची,
बाहेरून बुटाच्या खोक्यासारखी.
टोयोहाशीला गाड्या चढायच्या,
किनाऱ्यावरची माणसं बांधायची,
समुद्रात सैल झालेले पट्टे हा आवळायचा,
बॅटरी दातांत धरून,
एका गाडीला चार.

सातव्या डेकवर ती होती.
निळी, दोन दारांची, मागं पंख,
उभी होती तरी निघाल्यासारखी.
एस्पेरांसला सांगू नको, म्हणतो,
मी तिच्यात बसलो होतो. किल्ली आतच असते.
चालू नाही केली.
नुसता बसलो उजव्या बाजूला,
वास्कोत बसतो तसा.

फोटोही काढला, रोलमधला शेवटचा.
लॉइडनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.
तेव्हा आठ वर्षांचा होता.
ती साउथॅम्प्टनला उतरली.
पुढच्या फेरीला बॉल्टिमोर.
तिथं उतरल्या त्या सगळ्या रुंद, मऊ,
कप ठेवायला चार-चार जागा असलेल्या.

मी माझ्या परीनं सांगते.
तिकडे चाक डावीकडे, हे पोरालाही कळतं.
पण चाक हलवणं म्हणजे पलंग हलवणं नव्हे,
मागचे पाइप, पेडल, पत्रा,
अख्खं घर फिरवावं लागतं.
मग त्यांच्या भिंतीवर चार-पाच नव्याकोऱ्या गाड्या
आपटून दाखवायच्या,
बंपर मोजायचा, दिवे बदलायचे,
धूर त्यांच्या नाकाला पटवायचा.
आणि एवढं करून घेणार कोण?
हजारभर वेडे.
कंपनीत माझ्यासारखीच कुणी बाई असेल,
तिनं बेरीज केली, खाली रेघ मारली,
डबा उघडला.
वाईट कुणीच नव्हतं, कायतान.

आणि एक कलम आहे.
पंचवीस वर्षांची झाली की येऊ द्या.
आदल्या रात्रीपर्यंत ती धोक्याची,
सकाळी नाही.

तो हसेल असं वाटलं होतं.
म्हणाला, माणसांचं उलटं आहे.
बोटीवर होतो तेव्हा गॅलव्हेस्टनला पास हातात द्यायचे,
जा, फिरून ये, रात्री परत ये.
आता पोराला भेटायला जातो म्हटलं,
तर काचेपलीकडच्या मुलीनं दोन प्रश्न विचारले
आणि पासपोर्ट परत सरकवला.

आणि आपल्याकडे? त्यानं विचारलं.
आपल्याकडे चाक बरोबर बाजूला, रस्ता बरोबर बाजूला,
फक्त ड्युटी गाडीहून मोठी.

लॉइडनं गेल्या महिन्यात एक घेतली, ह्यूस्टनला.
निळीच. इंग्लंडहून आली, कागदांसकट.
काल रात्री व्हिडिओवर दाखवत होता,
इंजिन, सीट, कुणाच्या तरी कुत्र्याचे केस.
कायतान म्हणाला, ते राहू दे. खाली वाक.
मागचा बंपर, डाव्या कडीपाशी बघ.
बिस्केच्या उपसागरात बोट हलली,
पट्ट्याची कडी निसटली माझ्या हातून,
ओरखडा पडला.
मी वहीत लिहिला नाही.

लॉइड जमिनीवर आडवा झाला.
एका हातात फोन, म्हणून बॅटरी दातांत.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग बॅटरी काढून म्हणाला,
पपा, इथं पुष्कळ आहेत.
तुझा कसा होता?

माझ्या टेबलावरचा कोरा फॉर्म उलटा करून
कायतान मला काढून दाखवतो.
एवढाच. बोटाच्या पेराएवढा.
शेवटी जरा वर गेलेला.