बारावी किल्ली

मोबोरची अकरा घरं माझ्या कमरेला असतात.
वर्षभर मी खिडक्या उघडते, वाळवी बघते,
विहिरीवर झाकण आहे ना, पाहते.
मग मे येतो. मडगावचे लोक हवापालटाला येतात
गाद्या, आजारी काका आणि उर्राकच्या बाटल्या घेऊन.
ज्याची त्याला किल्ली देते.
जोडकिल्ली माझ्याकडेच राहते.

सातव्या घरात एव्हारिस्त. यंदा एकटा.
बाकीची दहा घरं संध्याकाळी व्हरांड्यात बसतात
आणि त्याच्याबद्दल हळू बोलतात,
इतकं हळू, की त्याला नेमकं ऐकू जावं.
गेल्या मे महिन्यात इथल्याच वाळूवर
ल्युर्दिनाच्या चपला सापडल्या.
दोन्ही. शेजारी शेजारी,
देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा.
बाकी काही समुद्राने परत दिलं नाही.

हवालदार चार वेळा येऊन गेला.
चौथ्यांदा त्याने चहासुद्धा घेतला नाही.

एव्हारिस्त सकाळी पोदेराकडून दोन पाव घेतो.
एक खातो.
दुसरा संध्याकाळी कावळ्यांना.
मी झाडायला जाते तेव्हा पाय वर घेतो,
म्हणतो, बस गो बाय, आज सुंगटं ताजी आहेत.
मी बसते. त्याच्या बोटांकडे बघत राहते.
सुंगटाची साल तो अशी काढतो,
जसं झोपलेल्या तान्ह्याचं झबलं उतरवावं.
हे हात.
हे हात तसले असतील?

कारण मला एक मनगट आठवतं.
अमावास्येच्या रात्री, होडीत, माझ्यासमोर.
त्याच्यावर निळा डाग, बांगडीएवढा.
"बांगडी घट्ट होती," ल्युर्दिना म्हणाली,
मी काही विचारलं नसताना.
साळ नदीच्या मुखाशी ओहोटी लागली होती.
पलीकडे बेतूल,
तिथून कारवारची पहाटेची गाडी.
वल्हं माझ्या हातात होतं.
परत आल्यावर चपलाही मीच ठेवल्या,
दूर दूर फेकायला हव्या होत्या, कळत होतं मला,
पण सवय.

वर्ष झालं, मी तोंड मिटून आहे.
आधी तिच्यासाठी होते.
आता कोणासाठी, ते विचारू नका.
सांगितलं तर तो सुटेल.
सुटला की तिला शोधायला निघेल,
मायेने निघेल की कसा, ते मला ठाऊक नाही,
आणि रात्री अंथरुणावर
मी त्यातलं सोयीचं तेवढं मानून घेते.

काल वीज गेली.
कुटबणच्या जेटीवरचे ट्रॉलर तेवढे उजेडात होते.
तो वरच्या पायरीवर, मी खालच्या.
मीठ, घाम, काजूचा वास.
माझ्या केसांतली अबोलीची वेणी कलली होती,
ती त्याने सरळ केली.
मी मान वळवली नाही.
मग हात खाली आला, कमरेपाशी,
जुडग्यावर थांबला.
काळोखात तो मोजत गेला,
एकेक, तिच्या रोझरीचे मणी ओढावेत तसा.
मी लाटा ऐकत होते.
दहा. अकरा.

"बारा," तो म्हणाला. "घरं तर अकराच."

फेब्रुवारीत ती पोस्टाने आली होती,
जुन्या रुमालात गुंडाळून. चिठ्ठी नव्हती.
पाकिटावर कारवारचा शिक्का.
फेकायला किती वेळा पुळणीवर गेले,
आणि तशीच परत आले.

वीज आली असती तर त्याचा चेहरा दिसला असता.
वीज आली नाही.
त्याची बोटं माझ्या मनगटाभोवती आली,
सैल,
बांगडीएवढी.