गेटवरचा गंडभेरुंड

प्लास्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय मोडला
त्याला दोन महिने झाले होते.
अल्लाडिनोनं तो आधी तारेनं बांधला, मग फडक्यानं,
मग खाली वीट सरकवली.
ऑफिसात अर्ज गेला. अर्जावर सही झाली.
सहीनंतर पुढे काही होत नाही,
आमच्या अजमानच्या यार्डात तरी.

मी म्हटलं, थांब, मी करतो.
साधी चार पायांचीच करणार होतो, आईशप्पथ.

भंगारात पहिली सापडली फळी,
मोडीत काढलेल्या गलबताची, सागवानी,
खिळ्यांच्या भोकांत मीठ धरून बसलेली.
रंधा मारला तसा वास सुटला
कुठल्याशा ओल्या रानाचा,
इथे, शेहेचाळीस डिग्रीत, पत्र्याखाली.
झाली बैठक.
मग डिश अँटेना.
मधोमध कापली तर तिचे दोन पंख होतात
हे कापेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.
तिथून पुढे हात माझं ऐकेनात.

बाबा गणपतीची मखरं करायचे, थर्माकोल यायच्या आधी.
माथ्यावर कायम तो एक पक्षी,
दोन डोक्यांचा, नखांत हत्ती धरलेला.
मी विचारायचो, बाबा, ही डोकी भांडत नाहीत?
बाबांच्या ओठांत खिळे असायचे.
उत्तर आलंच नाही.

माना केल्या मोटारसायकलच्या स्प्रिंगांच्या,
चोची एका तुटक्या टिकावाच्या.
डोळ्यांची जोडी काही जमेना:
एकीकडे इंडिकेटरची नारिंगी काच,
दुसरीकडे ब्रेकलाइटची लाल.
त्यामुळे एक डोकं जेवून उठल्यासारखं
आणि दुसरं रात्रपाळीचं.
मोफिजुल म्हणाला, मेस्त्री, समजलं.
एक तोंड देशाकडे, एक इकडे.
मी म्हटलं, नाही रे बाबा.
एकच मान लावली तर खुर्ची कलंडत होती.

हत्तींसाठी मात्र तीन शुक्रवार अडलो.
शेवटी कॅफेटेरियावाल्यानं दोन जळक्या किटल्या फेकल्या,
आणि मी उन्हात उभा राहून हसत सुटलो.
सोंड तयारच होती!
कान तेवढे डकवले,
पोटात सिमेंट ओतलं, म्हणजे वजनानं चेपू नयेत.
सळ्या वाकवून नखं केली, ती किटल्यांवर रोवली.
वेल्डिंगचा शेवटचा टाका मारला तेव्हा
मगरीबची बांग चालू होती.

सकाळी खुर्ची गेटवर ठेवली.
अल्लाडिनोनं तिच्याभोवती एक फेरी मारली.
म्हणाला, मेस्त्री, ही बादशहाची.
हिच्यावर बसलो तर हुकूम सोडावे लागतील.
कुणाला सोडू? मांजरांना?
आणि जेवणाचा डबा त्यानं त्या सागवानी फळीवर ठेवला,
स्वतः बसला शेजारी, विटेवर.

आठवडाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.
मॅनेजर आला, म्हणाला,
तीस किलो लोखंड फुकट घालवलंस.
मग मोबाइल माझ्या हातात देऊन
पंखांच्या मधोमध बसून त्यानं फोटो काढून घेतला.
एक पुन्हा, म्हणाला. चोच नीट येऊ दे.

परवा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो.
गेटवरचा दिवा पिवळा, त्याखाली पंख,
आणि पंखांत अल्लाडिनो.
चपला खाली काढून ठेवलेल्या,
अनवाणी पाय दोन हत्तींच्या माथ्यावर,
कानाला फोन, पाठ ताठ.
सिंधी मला येत नाही.
पण त्यातली बकरी कळली,
आणि विकणं, ते तर आपलंच विकणं.
नाही, तो म्हणत होता. नाही म्हणजे नाही.
ती विकायची नाही.
बाजूची लाल काच जराशी लकाकली.
मी पाणी न पिताच मागे फिरलो,
पायांचा आवाज होऊ नये म्हणून
भिंतीभिंतीनं.