पंधरा मिनिटं

घणसोलीत रात्री अकराला
न्हाणीघराचं दार आतून बंद.
थापटलं तर नुसतं “हं”.
ओठ हलला की तडा जाईल.

सकाळी वाटीत सुकलेली मुलतानी माती,
तीत रुतलेला अंगठा
माझ्याहून रुंद.

निहार. सतरावं सरतंय.
वर्गाच्या फोटोत मागे, हनुवटीवर हात.
खाडीचा चिकट वारा, रबाळ्याची धूळ,
बाबा म्हणतात, वय आहे, जाईल.
बाबांच्या गालांवर
अजून आहेत खड्डे त्या वयाचे.

आज मीच भिजवली माती, दोन चमचे जास्त.
चिठ्ठी ठेवली: पूर्ण सुकू देऊ नकोस,
कातडी ओढते.

रात्री दार उघडंच.
आरशात दोन करडे चेहरे,
एक निहारचा.
दुसऱ्यानं मिशी तेवढी
मोकळी सोडलेली.